उंच मागितलेला चेंडू

मी नवऱ्याचे केस विंचरायला लागले ते ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात. त्याआधी अकरा वर्षं तो आपले केस आपण विंचरत होता, आणि वाईट विंचरत होता, पण ते त्याचं तो बघून घेत असे. त्या दिवशी सकाळी तो आरशासमोर उभा होता. कंगवा उजव्या हातात, आणि हात खांद्याच्या रेषेपर्यंत येऊन थांबलेला. दुखतंय म्हणून माणूस थांबतो तसा नव्हे. दाराला आतून अडसर घातलेला असावा तसा. मी कंगवा काढून घेतला, त्याला स्टुलावर बसवलं आणि भांग पाडला. दुसऱ्या दिवशी तो आपणहून स्टुलावर येऊन बसला.

आमच्या ॲशबरीत दोन सूतगिरण्या, एक ग्रॅनाइटची खाण आणि एक बेसबॉलचा संघ. मॅलॅकी ड्रिस्कल, म्हणजे माझा नवरा, मूळचा खाणीतला पाथरवट. संघाने त्याला पगारावर घेतलं ते चेंडू फेकायला. अठराशे चौऱ्याऐंशी साली जुलैत संघाचा दुसरा फेकणारा पश्चिमेकडच्या कुठल्याशा संघाने पळवला, आणि तेव्हापासून प्रत्येक सामना मॅलॅकीने एकट्याने फेकला. सत्तावीस सामने, पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत. गिरणीतल्या पोरी त्याच्या नावाने पैज लावत. धर्मगुरू प्रवचनात चिकाटीचा दाखला देताना आमच्या बाकाकडे बघत. मी मान खाली घालून बसे. लोकांना वाटे, विनय.

आता कुणी म्हणेल, एखाद्या दिवशी मधूनच दुसऱ्याला का फेकू दिलं नाही. असं म्हणणारा आमच्या वेळचा नसणार. ज्याने सामना सुरू केला त्यानेच तो संपवायचा. बाहेर बसलेला माणूस आत आणायचा तर आतला जखमी व्हायला हवा, आणि तो जखमी आहे हे समोरच्या संघाच्या कप्तानाने मान्य करायला हवं. बोट मोडलं, डोकं फुटलं, तर कप्तान हो म्हणत. रक्त दिसायला लागे. हात मेलाय, ही जखम नव्हे. मेलेला हात दिसत नाही, तो जागच्या जागी असतो.

आमचा कप्तान एझरा व्हिटकम. पहिल्या बेसवर उभा राहायचा, खिशात बायबल. मॅलॅकीला जरा विश्रांती द्या म्हणायला मी त्याच्याकडे गेले होते. त्याने नव्या माणसाकडे बोट दाखवलं. लेव्ही स्टॅनर्ड, चोवीस वर्षांचा, नुकताच घेतलेला, कुंपणाशी बसून भुईमूग सोलत होता. म्हणाला, तो तयार झाला की मॅलॅकीला विश्रांती. कधी तयार होईल, असं विचारलं तर म्हणाला, देवाच्या मनात येईल तेव्हा. देवाच्या मनात काय आहे ते व्हिटकमला तिकीटविक्रीवरून कळत असे, आणि तिकिटं मॅलॅकीच्या नावावर खपत.

मॅलॅकीला सांगून उपयोग नव्हता. मी सुरू केलेलं दुसऱ्याने संपवायचं, हे वाक्य त्याला अर्धंच ऐकू जाई. पण मला त्याची हारजीत नको होती, मला तो हात हवा होता. पस्तिशीला आलेला माणूस आणखी किती वर्षं चेंडू फेकणार? त्यानंतर हातोडा आणि छिन्नी आहे, आणि हातोडा डाव्या हाताने चालत नाही. आमच्या घरी भाड्याने राहणारा ओटो क्लाइनहान्स मॅलॅकीचे चेंडू झेलायचा. त्याने बऱ्याच झेलणाऱ्यांचे आणि फेकणाऱ्यांचे हात पाहिले होते. एकदा भांडी पुसता पुसता मला म्हणाला, अजून दोन-तीनदा जोर लावून वरून फेकला की आतलं काहीतरी तुटेल, आणि ते तुटलं की मग ते शिवणारा डॉक्टर अजून जन्मला नाही.

म्हणून हंगामाच्या शेवटच्या शनिवारी सकाळी मी शाल गुंडाळली आणि स्टेशनजवळच्या हॉटेलात गेले. ब्रेअरटनचा संघ तिथे उतरला होता. त्यांचा कप्तान जेम हॅकेट. हा हॅकेट दोन उन्हाळे माझ्या टेबलावर जेवला होता, ओटोच्या आधी तोच मॅलॅकीचे चेंडू झेलायचा. त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं माझ्या नवऱ्याने मोडली होती आणि तिन्ही मी बांधली होती. मला वाटलं, विचारायचंच तर ज्याच्या होकाराला किंमत आहे त्याला विचारावं.

तो उकडलेली अंडी खात बसला होता. मला बघून उठला, खुर्ची पुढे केली. मी त्याला सगळं सांगितलं. हात खांद्याच्या वर जात नाही. महिना झाला, घराबाहेर कुणाला माहीत नाही. केस मी विंचरते. आज व्हिटकमने स्टॅनर्डला आत घ्यायचं म्हटलं, तर तू नाही म्हणू नकोस.

हॅकेटने अंडं अर्धवट ठेवलं.

"व्हिटकम मागणार नाही, मिसेस ड्रिस्कल," तो म्हणाला. "तुम्हालाही ठाऊक आहे."

"मग?"

"मॅलॅकीने स्वतः मागितलं तर मी नाही म्हणणार नाही. शब्द देतो."

मी घरी येताना हलकी झाले होते. वाटेत पाव घेतला, वर मनुका घातलेलाही एक घेतला. इतकी मूर्ख बाई त्या दिवशी ॲशबरीत दुसरी नसेल.

सामना साडेतीनला. नाणेफेक जिंकून व्हिटकमने आधी बॅट घेतली, म्हणजे प्रत्येक डावात शेवटचा घाव ब्रेअरटनचा. मी बायकांच्या बाजूला, आमच्या संघाच्या बाकाच्या वरच्याच रांगेत बसले होते. दोन हजार तरी माणूस असेल. आमच्या पहिल्या दोन धावा झाल्या तेव्हा शेजारच्या मिसेस प्रॅटने मला मिठी मारली आणि तिच्या टोपीची पिन माझ्या कानाला लागली.

मग ब्रेअरटनचा पहिला फलंदाज आला. त्या काळी फलंदाजाला आधीच सांगावं लागे, चेंडू कसा हवा: कमरेच्या वर की कमरेच्या खाली. पंच ते मोठ्याने सांगे, आणि फेकणाऱ्याने तिथेच टाकायचा; दुसरीकडे गेला तर चुकीचा, असे सहा चुकीचे झाले की फलंदाज फुकट पहिल्या बेसवर. ब्रेअरटनचे लोक खालचा चेंडू मागणारे म्हणून प्रसिद्ध होते. बाकीच्या संघांतलेही बहुतेक तसेच, आणि महिनाभर मॅलॅकीचं निभावलं ते त्यावरच. खालचा चेंडू हात खांद्याच्या खाली ठेवून, बाजूने वळवून टाकता येतो. वरचा मात्र खांद्यावरून आला तरच जोरात येतो. बाजूने टाकलेला वरचा चेंडू ताटात वाढल्यासारखा येतो.

"उंच," पंच ओरडला.

मला काही वाटलं नाही. एखाद्याला लहर येते. दुसरा आला. उंच. त्याला मी तीन वर्षं बघत होते, त्याने जन्मात वरचा चेंडू मागितला नव्हता. तिसरा हॅकेट. तो बॅट खांद्यावर ठेवून उभा राहिला आणि पंचाला काय म्हणाला ते मला त्याच्या ओठांवरूनच कळलं.

सकाळी मी सांगितलेलं हॅकेटने आपल्या नऊ जणांना सांगितलं होतं.

मिसेस प्रॅट म्हणाली, आज यांना काय झालंय. मी म्हटलं, काय की.

मॅलॅकीने हॅकेटला पहिला चेंडू बाजूने टाकला आणि हॅकेटने तो मधल्या माणसाच्या डोक्यावरून मारला. दुसऱ्या डावात नऊच्या नऊ जणांना एकाच ठिकाणी खाज सुटल्यासारखे सगळे उंच, उंच. शिवाय घाई कुणालाच नव्हती. चांगला चेंडू आला तर मारायचा, नाहीतर बॅटची कड लावून बाहेर घालवायचा. बाहेर गेलेल्याचा हिशेब तेव्हा धरत नसत, दिवसभर घालवा. एका माणसाने अकरा चेंडू तसे घालवले. अकराव्याला मॅलॅकीने वरून टाकायचा प्रयत्न केला. तो चेंडू गेला, चांगला गेला, पण नंतर तो ओटोकडे न बघता पाठ करून उभा राहिला आणि उजवी मूठ डाव्या हाताने पोटाशी धरली. लोकांना वाटलं, चेंडू पुसतोय. मी मोजलं: एक. ओटोने दोन-तीन म्हटले होते.

तीन डाव संपले तेव्हा ब्रेअरटन चार, आम्ही दोन. मॅलॅकी बाकावर येऊन बसला. बादलीतलं ओटचं पीठ कालवलेलं पाणी डाव्या हाताने प्यायला. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. हे असंच चाललं तर तो आणखी दोनदा वरून टाकणार, मग तिसऱ्यांदा, कारण दुसरा रस्ताच त्याला दिसत नव्हता. आणि सगळे उंच का मागताहेत, ते ब्रेअरटनच्या नऊ जणांना आणि मला माहीत होतं, त्यालाच तेवढं नव्हतं. मी उठले. बायका बाकापर्यंत खाली जात नसत. मी गेले.

कठड्यावरून वाकून त्याच्या टोपीला म्हटलं, "मी सकाळी हॅकेटकडे गेले होते."

तो वळला नाही. "कशाला?"

"तुला सोडव म्हणून. तू स्वतः मागितलंस तर नाही म्हणणार नाही, म्हणाला. त्याला हाताचं सांगितलं."

ओटो शेजारी बसून बोटांना चामड्याची पट्टी गुंडाळत होता. तो थांबला.

"काय काय सांगितलंस?" मॅलॅकीने विचारलं.

"सगळं."

"केसांचं?"

"केसांचंही."

तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षांत आम्ही एकमेकांना पुष्कळ लागेलसं बोललो होतो, एकदा मी त्याच्यावर किटलीही फेकली होती. पण ही नजर मी आधी पाहिली नव्हती. रागाची नव्हती. भर बाजारात शर्ट काढून घेतलेल्या माणसाची होती. मला वाटलं, आता हा सामना संपेल न संपेल, आमच्या दोघांमधलं काहीतरी मात्र आत्ताच संपलं.

व्हिटकमने हाक मारली. मॅलॅकी उठला, दोन पावलं गेला, मागे आला.

"म्हणजे त्यांना वाटतंय, उंच चेंडू वरूनच येतो," तो ओटोला म्हणाला, मला नाही.

ओटो म्हणाला, मग कुठून येतो?

"मी पोरगा होतो तेव्हा कुठून यायचा?"

दहा-बारा वर्षांपूर्वी नियमच तसा होता: हात कमरेच्या वर आणायचा नाही, चेंडू गुडघ्यापासून टाकायचा. म्हातारे अजून तसे टाकत, सहलीला गेले की. मॅलॅकी फेकणाऱ्याच्या चौकटीत उभा राहिला, गुडघा वाकवला, हात बाकाखालून मांजर बाहेर काढावं तसा मागून पुढे आणला. चेंडू जमिनीजवळून निघाला आणि चढत चढत फलंदाजाच्या छातीशी पोचला. फलंदाज बघत राहिला. पंचही जरा बघत राहिला, मग म्हणाला, बरोबर आहे.

लोक हसले. ब्रेअरटनच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, आजोबा, काठी विसरलात. मॅलॅकीने दुसरा टाकला. फलंदाजाने इतक्या लवकर बॅट फिरवली की स्वतःभोवती गिरकी खाऊन बसला. मग हसणं आमच्या बाजूचं झालं.

चौथा, पाचवा, सहावा, सातवा, आठवा. पाच डावांत ब्रेअरटनला एकही धाव नाही. चेंडू हळू येई, पण चढत येई, आणि जोराच्या चेंडूची सवय झालेले हात आधीच निघून जात. आमच्या तीन धावा झाल्या. पाच-चार. मिसेस प्रॅट रडायला लागली होती. मी मात्र त्याच्या खांद्याकडेच बघत होते. प्रत्येक डावाला तो बाकावर येई, माझ्या बुटांपासून हातभर अंतरावर बसे, आणि एकदाही वर बघत नसे.

नववा डाव. एव्हाना त्यांना समजलं होतं. हॅकेटने सगळ्यांना मागे सरकून उभं केलं, थांबायला शिकवलं. पहिले दोघे तरी कसेबसे बाद झाले. तिसऱ्याने थांबून मारला, पहिल्या बेसवर. चौथ्याने त्याहून थांबून, त्याहून लांब. एक माणूस तिसऱ्या बेसवर, एक दुसऱ्यावर, दोघे बाद, आणि बॅट घेऊन हॅकेट.

"उंच," पंच म्हणाला.

गुडघ्यापासूनचा चेंडू हॅकेटला चालणार नव्हता. त्याने तसल्या चेंडूंवरच पोरवयात हात बसवला होता, मॅलॅकीइतकाच. मॅलॅकीने एक टाकून बघितला. हॅकेटने तो डाव्या कुंपणाबाहेर मारला, रेषेच्या वीतभर बाहेरून गेला म्हणून वाचलो. व्हिटकम पहिल्या बेसवरून ओरडला, वरून टाक, ड्रिस्कल, देव बळ देईल.

मॅलॅकीने वरून टाकला. हात वर गेला, कसा गेला ते मला माहीत नाही. आणि चेंडू सुटताना त्याच्या तोंडून एक आवाज निघाला. फार मोठा नव्हे. कुणीतरी ओलं कापड ओढून फाडावं तसा. चेंडू ओटोच्या डोक्यावरून जाणार होता, ओटोने उडी मारून बोटांनी अडवला, नाहीतर बरोबरी झालीच होती. मॅलॅकी एका गुडघ्यावर बसला होता.

माझ्या मनात आलं: दोन. आणि लगेच: तो उठेल.

तो उठला. चेंडू हातात घेतला. चौकटीत उभा राहिला. त्याने बाकाकडे बघितलं, स्टॅनर्डकडे, मग वर, माझ्याकडे. मी मान हलवली नाही, डोळे मिटले नाहीत, काहीही केलं नाही. जेवढं करायचं तेवढं मी सकाळीच करून चुकले होते.

मग तो चालत हॅकेटकडे गेला. चेंडू डाव्या हातात. मैदान इतकं शांत झालं की गिरणीच्या बांधावरचं पाणी ऐकू यायला लागलं.

"जेम," तो म्हणाला, "मी मागतोय."

हॅकेटने बॅट खाली टेकवली. पंच धावत आला, व्हिटकम धावत आला. व्हिटकम म्हणत होता, याला काही झालेलं नाही. हॅकेटच्या बाकावरून ओरडा आला, रक्त कुठंय, रक्त दाखवा. पंच म्हणाला, कप्तानाने ठरवायचं.

हॅकेट मॅलॅकीकडे बघत होता. "मला बघावं लागेल," तो म्हणाला. "माझी नऊ माणसं आहेत. हात वर कर."

मला उठून ओरडावंसं वाटलं. याला सगळं माहीत होतं. सकाळी अंड्याच्या बशीसमोर बसून त्याने सगळं ऐकलं होतं. पण त्याला ते आता सगळ्यांसमोर हवं होतं, की त्याच्या माणसांसमोर त्याला ते लागणारच होतं? हे मला आजही सांगता येत नाही.

मॅलॅकीने टोपी काढून ओटोकडे दिली. मग दोन हजार माणसांसमोर, धर्मगुरूंसमोर, पैजा लावणाऱ्या पोरींसमोर त्याने उजवा हात उचलला. छातीपर्यंत आला. खांद्यापर्यंतही आला नाही. तिथे तो थरथरायला लागला. मॅलॅकी तो वर ढकलत राहिला, ओठ दाताखाली धरून, नवऱ्याला कधी नागडं न पाहिलेल्या बायकांनीही मान वळवावी इतका वेळ. महिनाभर त्याने जे माझ्या स्वयंपाकघरात, दार लावून, एका स्टुलावर झाकून ठेवलं होतं, ते त्याने उन्हात धरलं.

"पुरे," हॅकेट म्हणाला. "जा घरी."

स्टॅनर्डने भुईमुगाची टरफलं झटकली आणि आत आला. त्याचा दुसराच चेंडू हॅकेटने उजव्या कुंपणापर्यंत मारला. बेसवरचे दोघे धावत घरच्या बेसवर आले, दोन धावा. सहा-पाच. संपलं.

त्यानंतर जे झालं ते आमच्या गावाला शोभणारं नव्हतं. बाकांवर बसायच्या गाद्या फेकल्या गेल्या, एक कोबीही आला. सामन्याला कोबी घेऊन कोण येतं, देव जाणे. "सोडून पळाला," असं ओरडणाऱ्यांत मिसेस प्रॅटचा मुलगा होता. मॅलॅकीने कोट खांद्यावर टाकला होता. मी खाली गेले तेव्हा कोट घसरत होता, मी तो सावरला, आणि त्याने सावरू दिला. एवढ्यावर मला विसंबता येईना. आम्ही पुलावरून गेलो, मागून ओटो, त्याच्या दोन्ही हातांची बोटं काकडीसारखी सुजलेली.

पायरीवर बसून तो म्हणाला, "मला आधी विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"हो." मग म्हणाला, "तुला कसली भीती होती? मी हरेन याची?"

"नाही," मी म्हटलं. "जिंकशील याची. मग सोमवारी परत जाशील याची."

तो हसला नाही. पण ओटो हसला, आणि हसता हसता आत निघून गेला, कारण त्याला कळलं की आता तिथे त्याचं काम नाही.

सोमवारी व्हिटकमने मुक्ततेची चिठ्ठी पाठवली, एका ओळीची. हिवाळाभर मी त्या खांद्याला हंसाची चरबी आणि टर्पेंटाइन चोळलं. घराला पेटायला आलेल्या दिव्यासारखा वास येई. फाटलेलं पूर्ण जुळलं नाही. पण मे महिन्यात तो खाणीवर गेला, मोठ्या दगडांवर नव्हे, थडग्यांची अक्षरं कोरायला. त्यात हात छातीच्या वर न्यावा लागत नाही. दिवसाला वीस-बावीस अक्षरं, आणि चुकीचं एकही नाही.

अजून तरुण पोरं येतात, फेकणारे असतात. कुंपणाशी उभे राहून आडून आडून विचारतात, मिस्टर ड्रिस्कल, ब्रेअरटनच्या कप्तानाने तुम्हाला काढलं ना? त्यांना तसं ऐकायचं असतं. तेच त्यांना सोसतं. मॅलॅकी छिन्नी खाली ठेवत नाही.

"नाही रे," तो म्हणतो. "मी मागितलं."

पोरं जरा वेळ उभी राहतात. मग जातात. एखादा मात्र मागे थांबतो आणि आपला खांदा धरून उभा असतो, तेव्हा मी त्याला आत बोलावते आणि चहा ठेवते.